चाइल्ड ऑफ लाइट : शत्रूचा वार बसण्याआधीच कसा मोडायचा

युबिसॉफ्ट माँट्रियलचा हा गेम २०१४ मध्ये आला. १८९५ च्या ऑस्ट्रियातली ड्यूकची मुलगी ऑरोरा लेमुरिया नावाच्या जादुई राज्यात जागी होते. पुढे तिला पंख फुटतात आणि इग्निक्युलस नावाचा काजवा सोबतीला असतो. लढाया पाळीपाळीने होतात. नवे खेळाडू शत्रूकडे बघत बसतात, पण नजर हवी ती पडद्याच्या तळाशी असलेल्या पट्टीवर.

आधी ती पट्टी नीट समजून घ्या. दोन्ही बाजूंच्या लढणाऱ्यांची चित्रं तिच्यावर डावीकडून उजवीकडे सरकतात. बराचसा भाग नुसता थांबण्याचा, शेवटचा छोटा तुकडा वाराच्या तयारीचा. चित्र त्या तुकड्याच्या तोंडाशी आलं की काय करायचं ते निवडायचं आणि ते टोकाला पोचलं की वार होतो. या दोहोंच्या मधे ज्याला फटका बसतो, त्याचा वार वाया जातो आणि तो मागे फेकला जातो. आपल्यालाही हाच नियम लागू. सगळी लढाई या छोट्या तुकड्यात जिंकली किंवा हरली जाते.

म्हणून वार निवडताना ताकदीआधी त्याला लागणारा वेळ बघा. शत्रू तयारीत शिरलाय आणि ऑरोरा मागोमाग आहे? मग तलवारीचा झटपट वार घ्या. ऑरोराचा जादूगार साथी फिन याचे जबर मंत्र वेळ खातात, ते शत्रू बराच मागे असतानाच. शत्रूला गाठणं शक्यच नसेल तर सरळ बचाव करा. मार कमी बसतो आणि पुढची पाळी लवकर येते.

आता काजवा. इग्निक्युलसला शत्रूवर नेऊन उजेड पाडला की तो शत्रू मंदावतो. तो तयारीच्या तुकड्यात असतानाच हे करा, म्हणजे ऑरोराला तेवढ्यात गाठता येतं. आपल्या माणसावर उजेड पाडला तर त्याच्या जखमा भरतात. उजेड संपतो, तेव्हा तो या दोन कामांसाठी राखून ठेवा.

लढाईआधी शत्रूला पाठीमागून गाठलंत तर सुरुवातच तुमच्या बाजूने होते. हत्यारात माणिक बसवलं की वाराला आग मिळते, नीलम बसवला की पाणी. आगीच्या प्राण्यांपुढे नीलमच घ्या.

काजवा दुसऱ्या खेळाडूलाही चालवता येतो. माझ्या मते हा गेम दोघांनीच खेळावा : पट्टीवर नजर तुमची, उजेड धाकट्या भावंडाच्या हाती, आणि "आत्ता!" म्हणायचं काम तुमचं.