कोल्चिसिनची पहिली गोळी घेण्याआधी

अँजिओप्लास्टी होऊन वर्ष-दोन वर्षं झालेली, ॲस्पिरिन आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) नेमाने चालू, आणि तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी चिठ्ठीत आणखी एक गोळी वाढवली: कोल्चिसिन ०.५ मिलिग्रॅम, रोज एक. मेडिकलवाला म्हणतो, ही तर गाऊटची, म्हणजे युरिक ॲसिडमुळे सांधे सुजतात त्या आजाराची गोळी! त्याचंही खरं आहे. सांध्यांचा दाह शमवणारं हे जुनं औषध आता रक्तवाहिन्यांच्या भिंतींमधला दाह कमी करण्यासाठीही दिलं जातं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये या कामासाठी ०.५ मिलिग्रॅमच्या मात्रेला मान्यता दिली.

गोळी आणण्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न विचारून घ्या: ही मलाच का? २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हृदयविकार स्थिर असलेले साडेपाच हजार रुग्ण होते. साधारण अडीच वर्षांत हार्ट अटॅक, पक्षाघात, हृदयविकाराने मृत्यू किंवा हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडल्याने करावी लागलेली अँजिओप्लास्टी वा बायपास यांपैकी काहीतरी बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांत ९.६ टक्क्यांना झालं, कोल्चिसिन घेणाऱ्यांत ६.८ टक्क्यांना. म्हणजे शंभरातल्या तिघांचा फायदा. पण अटॅकनंतर लगेच गोळी सुरू केलेल्या सात हजार रुग्णांच्या चाचणीत फायदा दिसला नाही. तो निकाल २०२४ चा. तेव्हा शेजाऱ्यांना दिली म्हणून आपल्यालाही हवी, असा हट्ट नको. दिली तरी ती स्टॅटिन आणि ॲस्पिरिनच्या जोडीला असते, त्यांच्या जागी नाही.

दाहशामक म्हटलं की डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन डोळ्यांपुढे येतात. त्यांचा इथे काही संबंध नाही, उलट त्यांनी हृदयविकाराचा धोका वाढतो. गुडघेदुखीसाठी त्या परस्पर घेत असाल तर तेही याच भेटीत सांगून टाका.

मग रक्ततपासणी. क्रिएटिनीन आणि ईजीएफआर (मूत्रपिंडाचं काम मोजणाऱ्या तपासण्या), यकृताच्या तपासण्या, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी). हे औषध शरीराबाहेर पडतं ते मूत्रपिंड आणि यकृताच्या वाटेने. वाट अडली की साठत जातं. मूत्रपिंडं निकामी झालेल्यांनी, यकृताचा गंभीर आजार किंवा रक्तपेशींचा विकार असलेल्यांनी ते घ्यायचं नसतं. मधुमेह जुना असेल तर मागच्या वर्षीच्या रिपोर्टवर काम भागवू नका.

सगळ्यांत जास्त वेळ द्यायचा तो चालू औषधांच्या यादीला. घरातल्या गोळ्यांचा डबा पिशवीत घालून थेट नेलात तर उत्तमच. आठवून सांगताना नेमकी नको तीच गोळी राहून जाते. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक कोल्चिसिनसोबत जीवघेणं ठरू शकतं, आणि पोटातल्या एच. पायलोरी या जंतूवरच्या किटमध्ये ते बऱ्याचदा असतं. दुसरी इट्राकोनॅझोल. आपल्या दमट हवेत गजकर्ण घरोघरी, आणि त्वचेचे डॉक्टर ही कॅप्सूल आठवडेच्या आठवडे देतात. कोल्चिसिन चालू आहे हे त्यांना कळणार कसं? तुम्ही सांगितलं तरच. रक्तदाबाच्या गोळ्यांतल्या व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम, प्रत्यारोपणानंतरची सायक्लोस्पोरिन, एचआयव्हीच्या औषधांतली रिटोनाविर, यांचीही नावं डॉक्टरांपुढे यायलाच हवीत. ग्रेपफ्रूटचा रस टाळा. आणि झाडपाल्याच्या औषधांबद्दल लाजू नका: सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात हेच कोल्चिसिन असतं. आयुर्वेदात ती लांगली म्हणून उपविषांत मोडते, ते उगाच नाही. कुणा जाणकाराने दिलेल्या पुडीत काय आहे ते माहीत नसेल तर ती बाजूला ठेवा.

मेडिकलमधून आणताना पट्टीवरची ताकद वाचा. गाऊटचा झटका आला की गोळ्या जास्त घेतात, तो हिशेब इथे लावायचा नाही. ज्यांना गाऊटही आहे त्यांनी झटक्याच्या दिवशी काय करायचं ते आधीच लिहून घ्यावं. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. उपचाराची मात्रा आणि विषारी मात्रा यांत या औषधात फार अंतर नाही, आणि जास्त घेतली गेली तर त्यावर सहज मिळेल असा उतारा नाही. म्हणून नातवंडांच्या हाती लागणार नाही अशी जागा गोळी आणण्याआधीच ठरवा.

सुरुवातीला पोट बिघडतं, काहींना जुलाब होतात, बऱ्याचदा ते आपोआप थांबतात. जोराचे जुलाब-उलट्या झाल्या तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडावर ताण येतो आणि औषध साठू लागतं. स्टॅटिनसोबत घेताना मांड्या-दंड दुखू लागले, जिना चढताना पाय उचलेनासे झाले किंवा लघवी गडद झाली, तर वयाचा दोष म्हणून सोडून देऊ नका. विनाकारण ताप, घसा धरणं, अंगावर निळे डाग हेही तसंच.

पुढची रक्ततपासणी कधी, ते निघण्याआधी चिठ्ठीवरच लिहून घ्या. त्या चिठ्ठीचा फोटो घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्येही असू द्या. दाताच्या दवाखान्यात असो की गावाकडच्या डॉक्टरांकडे, नवी गोळी हातात पडली की आधी तो दाखवायचा.