भावे नाट्यमंदिरात पडदा उघडण्याआधी

मंडळी, गाण्यांच्या कार्यक्रमाला पंधरा दिवस उरलेत, म्हणून तयारी एकदा लिहूनच काढतो.

आधी गाण्यांचा क्रम. संगीतकार सरस्वतीदेवींची गाणी लोक खुर्च्या शोधत असताना उरकून टाकायची नाहीत. ‘कोई हमदम न रहा’ पहिल्यांदा ‘झुमरू’तलं, किशोरकुमारांचं, १९६१ चं म्हणायचं. टाळ्या ओसरायच्या आत पेटीवर तेच गाणं पुन्हा धरायचं, या वेळी १९३६ च्या ‘जीवन नैया’तलं, अशोककुमारांनी गायलेलं. चाल ओळखीची निघाली की हॉल आपोआप शांत होईल. त्या शांततेत निवेदकानं बाईंचं नाव घ्यायचं. ‘एक चतुर नार’चंही तसंच: आधी ‘पडोसन’, लगेच १९४१ चा ‘झूला’.

मूळ नावही पूर्ण घ्या, खुर्शीद मिनोचर-होमजी. भातखंड्यांकडे गाणं शिकलेल्या, बहिणींबरोबर मुंबई रेडिओवर गाणाऱ्या. हिमांशू राय यांनी त्यांना बॉम्बे टॉकीजमध्ये आणलं, तेव्हा पारशी समाजातून विरोध झाला आणि नाव बदलून सरस्वतीदेवी करावं लागलं. बहीण माणेक चंद्रप्रभा झाली. निवेदनाच्या कच्च्या मजकुरात ‘महिला असूनही’ असं आलंय, ते काढून टाका. चाल कशी बांधलीय ते सांगा, तेवढं पुरेसं आहे.

गायकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. अशोककुमार मुळात लॅबमध्ये काम करणारे, ते काही गवई नव्हते. त्यांच्या गळ्याला पेलतील अशा चाली बाईंनी बांधल्या आणि त्यांच्याकडून घोटून घेतल्या. म्हणून ‘मैं बन की चिड़िया’त मुरक्या नकोत, हरकती नकोत. परवाच्या तालमीत अंतऱ्यात एक तान आली आणि त्या गाण्यातला साधेपणाच गेला, सगळ्यांना जाणवलं. ७८ च्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची असायची, तेवढ्यातच संपवा. मूळ रेकॉर्ड रोज एकदा हेडफोन लावून, खरखरीसकट ऐका. पट्टी रविवारीच ठरवू, ऐनवेळी चढवाउतरव नको.

जुन्या गाण्यांना ऑक्टोपॅड बंद, तबला-ढोलकच. तंबोरा ॲपवरचा नको. सतारमेकर मंडळी मिरजेत, हाकेच्या अंतरावर असताना मोबाईलवर षड्ज लावणं मला पटत नाही. आणायला जाल तेव्हा तिथंच बसून चारही तारा छेडा, जवारीवरचं, म्हणजे घोडीवर तारांखाली असतं ते सूत किंचित सरकवून बघा. आवाज भरून, गोल झाला की मगच उचला. भोपळ्याखाली गादी हवी. हॉलवर दोन तास आधी न्या, जागा बदलली की तारा उतरतात.

बोर्डावर किशोरकुमारांच्या फोटोएवढाच बाईंचा फोटो हवा, नाव त्याच अक्षरांत. १८४३ सालचं विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ नाटक सांगलीत शाळकरी पोरालाही ठाऊक असतं; बाईंचं नाव निदान त्या संध्याकाळी तरी हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक व्हावं.

साउंडवाले, जनरेटर, चहा मी बघतो. वह्या मात्र रविवारपर्यंत लिहून काढा, स्टेजवर मोबाईलमध्ये बघून कुणी गाणार नाही.