कैद्यांची पत्रं लावायला येताय? आधी हे वाचा

पाकीट फेकू नका. हे सगळ्यात आधी, कारण मागच्या खेपेला मी कैद्यांनी वकिलाच्या मदतीसाठी आम्हाला पाठवलेली पत्रं छान फायलीला लावली आणि पाकिटं रद्दीत घातली.

वही, चष्मा, पाणी आणालच. पेन्सिल हवीच, कारण पत्रावर शाईने काही लिहायचं नाही. स्टेपलर घरी ठेवा. ठाण्याच्या पावसाळ्यात पिना गंजतात आणि डाग पत्रावर उतरतो. पत्र आणि त्याचं पाकीट एका प्लास्टिकच्या क्लिपमध्ये. निळं अंतर्देशीय बोटाने फाडू नका, ब्लेडने कडा सोडवा. जागा संपली की माणूस चिकटवायच्या पट्टीवरही लिहितो, आणि वकिलाचं नाव नेमकं तिथे असतं.

पाकीट कशाला? पत्रात असतं: ‘परवा गार्ड मिळाला नाही, कोर्टात नेलं नाही, आता महिन्याने तारीख.’ परवा म्हणजे कधी? पत्रावर तारीख नाही. पोस्टाचा गोल शिक्का पाकिटावर. कैदी नंबर आणि वडिलांचं नाव, तेही बरेचदा पाकिटावरच. एकाच नावाचे दोघे-तिघे निघतात, तेव्हा वडिलांच्या नावाशिवाय हलता येत नाही. अक्षरावरून माणूस ओळखायला जाऊ नका. लिहिता येणारा एकजण अख्ख्या बराकीची पत्रं लिहून देतो.

जेलवरून जिल्हा ठरवू नका, इथे नवे लोक हमखास घसरतात. तळोजा जेल पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगडात. पण आतल्या माणसाची केस मुंबईची असेल, ठाण्याची असेल. नवी मुंबईतही वाशीची केस ठाणे जिल्ह्यात, खारघरची रायगडात. मोफत वकिलाचा अर्ज ठाण्याच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे द्यायचा की अलिबागला, हे त्यावर ठरतं. म्हणून पोलीस ठाणं, गुन्हा नंबर आणि कोर्ट, तिन्ही रकाने भरा. सापडलं नाही तर रिकामं सोडा. अंदाज लिहू नका, पुढचा माणूस तो खरा धरतो.

कच्चा कैदी, म्हणजे खटला अजून संपायचा आहे असा, असेल तर अटकेची तारीख शोधा. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम 479 प्रमाणे याआधी कधीच शिक्षा न झालेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला बाँडवर सोडायचं असतं. बाकीच्यांना निम्मा काळ. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि अनेक केसेस असलेल्यांना हे लागू नाही. ते वकील बघतील, तुम्ही तारीख काढा. ‘दीड वर्ष झालं’ एवढंच लिहिलंय? कधीपासून मोजणार? पाकीट बघा. आहे ना ठेवलेलं?

औषध मिळत नाही, मारहाण, जिवाचं बरंवाईट करून घेण्याची भाषा: असं पत्र ढिगात घालू नका, त्याच दिवशी इथलं काम बघणाऱ्या ताईंच्या हातात द्या. टेबलावर ठेवून जाऊ नका, हातात.

मोबाईलवर फोटो नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तर नाहीच. गुन्हा काय होता यावर चहाच्या वेळी चर्चा नको. उत्तरात ‘सुटाल’ असं लिहायचं नाही, स्वतःचा पत्ता द्यायचा नाही. पैसे मागितले तर ताईंना सांगा.

उरलेलं तिथे आल्यावर कळेल. निघताना कचऱ्याची टोपली एकदा उलटी करून बघा, पाकिटं तिथेच जातात.