डोळ्यात काही घुसलंय? निदान या चुका तरी टाळा

लोखंडावर लोखंड आपटताना बारीक कपची उडून डोळ्यात जाते, माणूस डोळा चोळतो, पाणी मारतो, मेडिकलमधून ड्रॉप्स आणतो आणि दुसऱ्या दिवशी डोळा सुजवून आमच्यासमोर येतो. वर म्हणतो, 'काल तर सगळं नीट दिसत होतं हो.'

हे 'नीट दिसतंय' प्रकरणच सगळ्यात जास्त डोळे घालवतं. एक पोरगा मातीत पडून राहिलेली पहार हातोड्याने ठोकत होता. कॉर्नियावर (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर) जेमतेम दिसेल एवढी चीर, तीही आपोआप मिटलेली, रक्त नाही, आणि चार्टवरची शेवटची ओळ धडाधड वाचली. जिथे आधी गेला तिथे ड्रॉप्स देऊन 'उद्या दाखव' म्हणून पाठवला. रात्री डोळा ठणकायला लागला, उलट्या, अंगात ताप, पापणी उघडेना. सकाळी आमच्याकडे आला तेव्हा कॉर्नियाच्या कडेने पांढरी रिंग धरलेली आणि नजर फक्त उजेड-अंधारापुरती. सीटी स्कॅनमध्ये आत मागे लोखंडाचा कण. जंतू निघाला बॅसिलस सिरियस. हा मातीत बीजाणू होऊन पडलेला असतो, आत शिरला की त्याची विषं डोळ्याचा आतला पडदा (रेटिना) जाळत सुटतात आणि २४ ते ४८ तासांत खेळ खल्लास होऊ शकतो. त्या पोराची नजर परत आली नाही.

म्हणून माझी सवय ठरलेली आहे, हातोडा-छिन्नी म्हटलं की चीर कितीही बारीक असो, आधी पातळ स्लाइसचा सीटी, मग बाकी गप्पा. एमआरआय अजिबात नाही, आत लोखंड असेल तर चुंबकाने ते हलतं आणि उरलंसुरलं फाडतं.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे लॅबचा रिपोर्ट नीट न वाचणं. डोळ्यातल्या सॅम्पलमध्ये ग्राम पॉझिटिव्ह दांडके (सूक्ष्मदर्शकाखाली दांड्यासारखे जंतू, बॅसिलस असाच दिसतो) दिसले की कोणीतरी हमखास 'बाहेरचं कंटॅमिनेशन असेल' म्हणतं, कारण बॅसिलस एरवी खरंच तसा सापडतो. पण मातीची जखम झालेल्या डोळ्यात तो सापडला तर तो खराच आहे असं धरून चालायचं आणि पुढच्या रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातली अँटिबायोटिक्स त्याच्यावर बहुतेक वेळा चालत नाहीत, व्हॅन्कोमायसिन चालतं, आणि ते थेट डोळ्याच्या आत द्यावं लागतं: १ मिलिग्रॅम, ०.१ मिलीमध्ये. नुसत्या गोळ्या-ड्रॉप्सवर भागवू म्हणणाऱ्यांना काय बोलायचं! बाकीच्या जंतूंसाठी सोबत सेफ्टाझिडिम हे दुसरं अँटिबायोटिक देतो, पण वेगळ्या सिरिंजमधून. घाईत दोन्ही एकत्र भरली तर साका धरतो, आणि ही घाई नवीन पोरं दरवेळी करतात.

घरच्यांसाठी पटापट सांगतो. घुसलेली वस्तू ओढून काढू नका. डोळा धुऊ नका, चोळू नका, मलम भरू नका. दाबून पट्टी तर नाहीच नाही, कागदी कपाचा तळ कापून नुसता वरून झाकण म्हणून चिकटवा, डोळ्याला टेकू देऊ नका. ऑपरेशन लागू शकतं, म्हणून वाटेत चहा-नाश्ता नको. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवून ठेवा.

डोळ्याच्या पुढच्या भागात हवेचे बुडबुडे दिसले तर क्लॉस्ट्रिडियम हा वायू तयार करणारा जंतूही डोक्यात ठेवा.

आणि सगळेच जंतू एवढे घाईत नसतात. नोकार्डिया किंवा क्षयाच्या जंतूंची ती दूरची भावंडं कधी कधी काही आठवड्यांनी डोकं वर काढतात, तोवर जखम भरलेली असते आणि आतली सूज बघून कोणीतरी स्टिरॉइड ड्रॉप्स चालू केलेले असतात. चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा लाल. अशा वेळी लॅबला फोन करून सांगायचं की जखम कशाने झाली, कशाचा संशय आहे, आणि जंतू वाढवायच्या प्लेटी इतक्यात टाकून देऊ नका. फॉर्मवर नुसतं 'डोळा, कल्चर' लिहून पाठवलं तर ते बिचारे दोन-चार दिवसांत 'काही वाढलं नाही' म्हणून मोकळे होणारच.