दोन उजेडांचा खिशातला टॉर्च: बटण दाबताना या चुका टाळा

‘फुलवर नेला की विझतो’, ‘चालता चालता आपोआप मंद होतो’, ‘मंद उजेड येतच नाही’ अशा तक्रारींपायी चांगले टॉर्च अडगळीत जातात. खरं तर त्यातले बरेच धडधाकट असतात.

मागच्या टोकाला एकच बटण आणि मंद व फुल असे दोनच उजेड, अशा टॉर्चमध्ये बटणाकडून पुढच्या सर्किटकडे निरोप न्यायला वेगळी तार नसते. बटण फक्त वीज तोडतं आणि जोडतं. वीज क्षणभर तुटून लगेच परत आली, तर सर्किट समजतं की दुसरा उजेड हवा आहे. जरा जास्त वेळ तुटली, तर ते टॉर्च बंद झाला असं धरतं आणि पुढच्या वेळी पहिल्या उजेडापासून सुरुवात करतं. ही आठवण सर्किटवरचा एक छोटा कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारा भाग, ठेवतो. त्यातला चार्ज उतरला की आठवणही गेली, आणि बहुतेक टॉर्चमध्ये त्याला दोनेक सेकंद पुरतात. वीज तुमच्या बोटाने तुटली, मळाने तुटली की बटण बसवलेल्या मागच्या झाकणाच्या सैलपणाने, हे सर्किटला कळायचा काही मार्ग नाही. खालच्या बहुतेक चुका इथूनच निघतात.

उजेड बदलायला बटण पूर्ण दाबणं

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते इथे. मागच्या बटणाच्या टॉर्चमध्ये दोन जाती आहेत, आणि आपल्या हातातला कोणता हे ओळखल्याशिवाय पुढचं काही जमत नाही. टॉर्च बंद असताना बटण हलकं, ‘टक’ आवाज व्हायच्या आत दाबून धरा. दाबून धरलं आहे तोवर उजेड पडला, तर ती पहिली जात. यात हलक्या दाबाने क्षणभराचा उजेड मिळतो आणि टक केलं की तो कायम राहतो. काहीच झालं नाही आणि टक करून बोट उचलल्यावरच उजेड आला, तर ती दुसरी जात.

बाजारातल्या स्वस्त खिशातल्या टॉर्चमध्ये दुसरी जात जास्त दिसते. तिच्यात उजेड बदलायचा तो टॉर्च चालू ठेवूनच: बटण अर्धं दाबायचं आणि लगेच सोडायचं. टक होऊ द्यायचा नाही. अर्ध्या दाबाने वीज क्षणभर तुटते, सोडल्यावर परत येते, उजेड बदलतो. घाईत किंवा थंडीने बोटं आखडली असताना दाब जास्त पडतो, टक होतो आणि टॉर्च विझतो. उलट चूकही तितकीच होते. काही जण बटण अर्धं दाबून तसंच धरून ठेवतात. तेवढ्यात कपॅसिटर रिकामा होतो आणि सोडल्यावर तोच पहिला उजेड परत येतो. मग ‘उजेड बदलतच नाही’ म्हणून आणखी जोरात दाबलं जातं. जोराचा इथे काही उपयोग नाही. दाब हलका हवा आणि सुटका झटकन.

पहिल्या जातीत टॉर्च बंद असताना दोन हलके दाब पाठोपाठ दिले की सहसा दुसरा उजेड लागतो. हवा तो उजेड आल्यावर टक करून तो पक्का करायचा. दुसरा दाब द्यायला उशीर झाला, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

काही टॉर्चना पक्की आठवण असते. ते शेवटी वापरलेल्या उजेडावरच उघडतात. अशा टॉर्चला ‘कधी फुल, कधी मंद’ म्हणून नावं ठेवण्यात अर्थ नाही. फक्त बंद करण्याआधी तो मंदवर आणायची सवय लावावी.

अंधारात पहिलाच उजेड फुल

डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि फुल उजेडाचा एक झोत ती घालवतो. मे अखेर ते जूनमध्ये पुरुषवाडी, भंडारदरा, राजमाची या भागांत काजवे पाहायला जाणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं. तिथे टॉर्च बंद असणंच चांगलं, कारण काजव्यांचं लुकलुकणं हे त्यांचं एकमेकांना बोलावणं असतं आणि आपल्या झोतात ते हरवतं. पाऊलवाट दिसेनाशी झाली, तरच मंद उजेड, तोही पायापाशी. टॉर्च फुलवरच उघडत असेल, तर आधी काचेवर तळहात धरा, टक करा, अर्ध्या दाबाने मंदवर आणा आणि मगच हात काढा. हात मात्र तिथे रेंगाळू देऊ नका, फुलवर काच तापते.

रात्रपाळीच्या विजेवर पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याचं गणित वेगळं. मण्यार रात्रीच फिरते, त्यामुळे बांधावरून चालताना उजेडात कसर करू नये. पण घरापासून फुल लावून निघालं, तर मोटारीपाशी पोचेपर्यंत सेल उतरू शकतो. दोन उजेड दिलेत ते यासाठीच: अंगणात, ओट्यावर मंद, गवतात, दगडांत, दाऱ्यापाशी फुल. अर्ध्या दाबाचा सराव घरीच झालेला असला, तर तिथे चाचपडावं लागत नाही.

आपोआप बदलणारा उजेड बटणाच्या माथी मारणं

चालताना टॉर्च हलतो आणि उजेड मंदवरून फुलवर, फुलवरून मंदवर उड्या मारतो. बटण बदलायची घाई करू नका. सर्किटला वीज तुटल्याची खूण मिळते आहे, एवढंच यातून कळतं. ती कुठून मिळते ते शोधायचं.

आधी झाकण घट्ट करा. मग पुढचं डोकं. काही टॉर्चमध्ये मंद-फुलची अदलाबदल डोकं फिरवूनच होते: सैल असलं की मंद, पूर्ण आवळलं की फुल. तिथे डोकं पाव फेरा सैल राहिलं, तर फुल उजेड कधीच येत नाही आणि दोष विनाकारण बटणावर जातो.

त्यानंतर साफसफाई. अॅल्युमिनियमच्या टॉर्चमध्ये वीज नळीच्या अंगातूनच मागच्या बटणापर्यंत येते. नळीची उघडी, चकचकीत कडा झाकणाच्या आत टेकते तिथे काळा थर जमतो, आणि पावसाळ्यानंतर तर हमखास. मेडिकलमधलं स्पिरीट सुती कापडावर घेऊन ती कडा, आटे आणि स्प्रिंगचं टोक पुसा. सेलची दोन्ही टोकं खोडरबराने घासा. जेलवालं सॅनिटायझर वापरू नका, त्याचा चिकटपणा मागे राहतो. आट्यांपाशी असलेल्या रबरी कड्याला थोडं सिलिकॉन ग्रीस लावलं की आटे मऊ फिरतात. खोबरेल तेल लावू नये. ते थंडीत गोठतं आणि धूळ धरून ठेवतं.

स्प्रिंगवर पांढरी भुकटी दिसली, तर अल्कलाइन सेल गळला आहे. ती भुकटी त्वचेला झोंबते. हातमोजा घालून व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात भिजवलेल्या कापसाने टिपा, मग स्पिरीटने पुसून कोरडं होऊ द्या.

फुलवर विझतो म्हणून टॉर्च फेकणं

मंदवर तासभर चालतो आणि फुल केला की लुकलुकून विझतो, किंवा पुन्हा मंदवर येतो. हा बहुधा सेलचा दोष. फुलला मंदच्या कितीतरी पट करंट लागतो. उतरत्या सेलकडून एवढा करंट ओढला की त्याचा व्होल्टेज एकदम खाली येतो, सर्किट उपाशी पडून बंद होतं, भार कमी झाल्यावर पुन्हा जागं होतं आणि पहिल्या उजेडापासून सुरू होतं. नवा अल्कलाइन सेल घालून पाहा. फुलचा वापर जास्त असेल, तर चार्जिंगचे निकेल-मेटल हायड्राइड सेल घ्या. त्यांच्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं असलं, तरी जास्त करंट देताना ते अल्कलाइनपेक्षा कमी दमतात.

पेन्सिल सेलच्याच मापाचा १४५०० नावाचा लिथियम सेल मिळतो. आकार सारखा म्हणून तो १.५ व्होल्टच्या टॉर्चमध्ये घालणं ही महागात पडणारी चूक आहे. पूर्ण चार्ज झाल्यावर तो ४.२ व्होल्ट देतो. एका सेलच्या अनेक टॉर्चमधलं सर्किट कमी व्होल्टेज वाढवून एलईडीला देण्यासाठी बनलेलं असतं. त्याला हा सेल झेपत नाही. मंद उजेड गायब होतो, दोन्ही दाबांना सारखाच झगझगीत उजेड येतो आणि काही वेळाने एलईडी किंवा सर्किट जळतं. टॉर्चवर किंवा माहितीपत्रकात १४५०० चालतो असं छापलेलं असेल, तरच तो घाला.

फुल उजेड काही मिनिटांनी हळूच उतरला, तर तो दोष नाही. तापलेल्या एलईडीला वाचवायला सर्किटच तो उतरवतं.

खिशात न अडवता ठेवणं

किल्ल्यांच्या दाबाने टॉर्च खिशात पेटतो आणि गरजेच्या वेळी सेल रिकामा सापडतो. मागचं झाकण पाव ते अर्धा फेरा सैल करून ठेवा. आट्यांवर रंगीत किंवा करड्या अॅनोडायझिंगचा, म्हणजे अॅल्युमिनियमवर मुद्दाम चढवलेला संरक्षक, थर असेल, तर वीज तुटते, कारण तो थर वीजवाहक नाही. आटे उघड्या धातूचे असतील, तर ही युक्ती चालत नाही. चालू टॉर्चचं झाकण सैल करून एकदा खात्री करून घ्या.

बटण खरंच गेलंय का?

झाकण काढा. जाड तारेचं एक टोक सेलच्या मागच्या, म्हणजे ऋण टोकावर आणि दुसरं नळीच्या उघड्या कडेवर टेकवा. टॉर्च नीट पेटला, तर पुढचं सगळं ठीक आहे आणि दोष झाकणातच आहे. तार झटकन उचलून परत टेकवा: मंदचा फुल होईल. बटण एरवी हेच करतं. बाजूला बटण असलेल्या टॉर्चमध्ये ही चाचणी लागू पडत नाही, कारण त्यांचं बटण थेट सर्किटशी बोलतं.

दोष झाकणात निघाला, तरी नवं बटण आणण्याआधी झाकणात डोकावून पाहा. स्प्रिंगभोवती दोन खाचांची एक गोल चकती दिसेल. बटणाला जागेवर धरणारी हीच चकती वापराने ढिली होते. चिमट्याची दोन टोकं त्या खाचांत रोवून ती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आवळा. तरीही टॉर्च पेटला नाही, तर मात्र बटण बदला.