मित्राच्या गृहकर्जाला जामीन राहिलात आणि समन्स आलं, तर

घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटसाठी मित्राला जामीन राहिलात, त्याचे हप्ते थकले आणि कागद तुमच्या दारात आला. ‘आधी त्याचा फ्लॅट विका, मग माझ्याकडे या’ हे म्हणणं सहसा टिकत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते.

आधी कागद नेमका कसला ते बघा. सरफेसी कायद्याची (बँकेला कोर्टात न जाता तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकू देणारा कायदा) नोटीस असेल तर थकबाकी भरायची मुदत ६० दिवसांची. २० लाख किंवा त्याहून मोठ्या थकबाकीचा बँकेचा दावा डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात जातो. तिथे समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. ‘मित्र बघून घेईल’ म्हणत बसू नका, तो स्वतःच अडकलाय.

मग जामीनपत्राची प्रत आणि कर्जखात्याचा उतारा मागवा. तुमच्या सहीनंतर तुम्हाला न विचारता कर्जाच्या अटी बदलल्या का, टॉप-अप (त्याच कर्जावर वाढीव कर्ज) दिलं का, हे तारखा लावून तपासा. कलम १३३ नुसार अशा बदलानंतरच्या व्यवहारांतून जामीनदार सुटतो. पण छापील जामीनपत्रात बँका अशा बदलांना आगाऊ संमती घेऊन ठेवतात. आपण सही करताना ते बारीक अक्षर वाचतो कुठे? वकिलाला आधी जामीनपत्रातलं तेच कलम दाखवा.

पैसे भरावेच लागले तर पावती तुमच्या नावाची घ्या. पूर्ण जबाबदारी फेडलीत, की कलम १४० प्रमाणे बँकेचे कर्जदाराविरुद्धचे हक्क तुम्हाला मिळतात.