‘द सीक्रेट हिस्टरी’ वाचायला घेताना

डोना टार्ट यांची ही १९९२ सालची कादंबरी हाती घेतल्यावर सुरुवातीचे दोन-तीन पानांचे निवेदन मुळीच वगळू नये. बनी या विद्यार्थ्याचा खून झाला असून त्यात निवेदकाचाही हात आहे, हे लेखिका तिथेच सांगून टाकते. म्हणून खुनी शोधण्याच्या घाईने पाने न उलटता, मुले या थराला का गेली, एवढाच प्रश्न मनात धरून सावकाश वाचावे.

व्हरमाँटमधील काल्पनिक हॅम्पडेन महाविद्यालयात ग्रीक शिकणाऱ्या या मोजक्या मुलांविषयी जे कळते, ते सारे निवेदक रिचर्ड पेपनच्या तोंडून, आणि हा रिचर्ड कॅलिफोर्नियातील वडिलांचा पेट्रोलपंप लपवून पोहण्याचे तलाव व संत्र्यांच्या बागा असलेले बालपण रचून सांगतो. त्या जागी पेन्सिलीने खूण करावी आणि पुढे तो मित्रांचे कौतुक करू लागला की ती खूण आठवावी. मला तरी या कादंबरीची खरी भीती तिथेच जाणवली.

पहिला भाग खुनापाशी संपतो. तिथे एक दिवस थांबून मगच दुसरा भाग उघडावा, कारण खरा मानसिक कोंडमारा त्यानंतर सुरू होतो. लेखिकेची पुढची कादंबरी थेट २००२ मध्ये आली. लेखिकेनेच एवढा वेळ घेतला, म्हणून आपणही घाई न करता ही पुन्हा एकदा वाचावी.